करवंटीचा कोळसा आणि त्याआधीचं सगळं

वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर माडाचं काही टाकून द्यायची पद्धत नव्हती. चुडतांचे झाप विणायचे, हिरांचे खराटे बांधायचे, सोडणं, म्हणजे नारळावरची काथ्याची जाड साल, चुलीत नाहीतर माडाच्या आळ्यात, आणि करवंटी, म्हणजे आमची करटी, न्हाणीच्या चुलाण्याखाली. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन नुसतं धुमसत राहतं, तेव्हा कोरड्या चार करट्या टाकल्या की पाण्याचा हंडा तापायला वेळ लागत नाही. मग घरोघर गॅस आला, न्हाणीत गिझर बसले. समुद्राकडे पर्यटक येऊ लागले तशा खानावळी वाढल्या. नारळ पूर्वीपेक्षा जास्तच फुटायला लागला आणि करवंटी जाळणारी चुलाणी कमी झाली. खानावळींच्या मागे, ओहोळाच्या कडेला, देवळाच्या कुंपणाबाहेर ढीग दिसायला लागले ते तेव्हापासून.

या ढिगांचं दुखणं पावसात कळतं. करवंटीत पाणी साचतं आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंडी घालायला तेवढं पाणी पुरतं. आमच्या आशाताई दर पावसाळ्यात घरोघर फिरून करट्या पालथ्या घाला म्हणून सांगतात. उन्हाळ्यात हेच ढीग प्लास्टिकसकट पेटवले जातात. आमच्या दहाजणींच्या बचत गटात करवंटीचा विषय निघाला तो या ढिगांवरून. कोळसा करायचा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. कोळशाच्या आधी करण्यासारखं किती आहे, ते काम करता करता उलगडत गेलं, आणि मला सांगायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

सुरुवात आम्ही करवंटी कुठून आणि कोणत्या अवस्थेत येते ते बघण्यापासून केली. गावच्या घाण्यावर तेलासाठी नारळ फोडून वाट्या उन्हात पसरतात. खोबरं सुकलं की आक्रसतं आणि करवंटीपासून आपणच सुटतं. ती करवंटी आतून कोरडी, स्वच्छ आणि बहुतेक वेळा नीट अर्धी. याहून चांगला माल नाही. देवळातला नारळ दगडावर आपटून फोडलेला, त्यामुळे त्याचे वाकडेतिकडे तुकडे होतात आणि शेंडीचा काथ्या तसाच चिकटलेला असतो. खानावळीतली करवंटी खवणीवरून उतरलेली. आत खोबऱ्याचा पातळ थर राहतो, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, मुंग्या लागतात. शहाळ्याची करवंटी या कामाची नाहीच. तिच्यात अजून कठीणपणा आलेला नसतो आणि भोवतीचं सोडण पाण्याने जड असतं. शहाळ्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते करवंटीपेक्षा अवघड आहे.

खानावळवाल्यांना आम्ही जाळीदार पोती दिली आणि एकच गोष्ट मागितली: करवंटी इतर कचऱ्यात मिसळू नका, पोतं वळचणीखाली टांगा. पैसे किती देणार, हे त्यांनी विचारलं नाही. कचरा उचलला जातो आहे यातच ते खूश होते. तरी आम्ही वजनावर थोडे पैसे द्यायचं ठरवलं. भांडी घासणारी बाई करट्या वेगळ्या काढते, तिच्या हातात ते पडावेत म्हणून. फुकट मिळणाऱ्या मालात हमखास मासळीचे काटे आणि चहाचे कागदी कप निघायचे. पैसे सुरू झाल्यावर पोती स्वच्छ यायला लागली.

घरांचं गणित मात्र निराळं निघालं. आमच्याच मागच्या पडवीतल्या करट्यांना मी हात लावला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "करटी इकलंस तर पाणी कशार तापयतलंस?" मला तो प्रश्न टाळता येईना, म्हणून मी आकडे मांडून बसले. एक किलो सुकी करवंटी जाळली तर साधारण चार हजार किलोकॅलरीच्या वर उष्णता मिळते. कोळसा किलोला सात हजारांच्या आसपास देतो, पण किलोभर करवंटीतून कोळसा निघतो तो पंचवीस ते तीस टक्के. म्हणजे कोळसा करताना निम्म्याहून अधिक उष्णता धुरातून आणि ड्रमच्या पत्र्यातून उडून जाते. ज्या घरात करवंटीवर रोज पाणी तापतं, तिथून ती उचलून कोळसा करणं म्हणजे चांगलं सरपण अर्धं करून टाकणं, आणि त्या घरातल्या बाईने मग सरपण शोधत रानात जाणं. सासूबाईंचा प्रश्न गटाचा पहिला नियम झाला: चुलाणं पेटतं त्या घरची करवंटी घ्यायची नाही. घाणा, खानावळ, देऊळ आणि लग्नाचे हॉल इथलीच घ्यायची.

दुसरा नियम निवडीचा. आलेली पोती आम्ही मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या शेडमध्ये, ओततो आणि माल वेगळा करतो. नीट अर्ध्या, जाड, तडा नसलेल्या करवंट्या एका बाजूला, त्यातही डोळे नसलेली अर्धी वेगळी. बाकी तुकडे कोळशाला. गावचे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, काका करवंटीवर नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात आणि तडा कुठे आहे ते न बघता सांगतात. आमच्या भागात हे कान तयार असतात. मालवणात नारळी पौर्णिमेला नारळावर नारळ आपटून लढवतात, आणि त्यासाठी टणक नारळ निवडणारी माणसं अशीच टिचकी मारून, कानाशी धरून निवड करतात. जाड करवंटी मिळते ती बाणवली या उंच जातीची. ठेंगू जातींची करवंटी लहान निघते, तिचा वाडगा कोणी घेत नाही.

निवडलेल्या करवंट्यांच्या डवल्या, म्हणजे वाढायचे डाव, आणि वाडगे होतात. डवलीला खोलगट अर्धी घ्यायची, काठाखाली समोरासमोर दोन भोकं पाडायची आणि बांबूची तासलेली दांडी आरपार घालायची. खिळा नाही, गोंद नाही. दांडी भिजली की फुगून घट्ट बसते. पेज ढवळायला, आमटी वाढायला आमच्या आजीच्या काळी हीच असायची, आणि आता निर्लेप भांड्यांना ओरखडा पडत नाही म्हणून शहरातल्या बायका विचारत येतात. वाडग्यासाठी हॅक्सॉच्या पात्याने काठ सरळ कापून घ्यायचा. मग बाहेरचे तंतू जाड पॉलिश पेपरने घासायचे, ८० नंबरपासून सुरू करून १२०, २२०, शेवटी ४००. वरून खोबरेल तेलाचा हात. वॉर्निश आम्ही लावत नाही, कारण त्यात कोणी गरम आमटी खाणार आहे. घासताना जी भुकटी उडते ती फार बारीक असते, नाकातोंडात गेली की खोकला थांबत नाही. मास्क न लावता कोणी घासायला बसलं तर आमची अध्यक्ष वैनी काम थांबवते. हा कडकपणा योग्यच आहे. आरोग्य घालवून मिळवलेल्या पैशाला आम्ही उत्पन्न म्हणत नाही.

वेळ लागतो, हे खरं. पण एका करवंटीला वाडगा म्हणून जे मिळतं ते तिच्या वजनाच्या कोळशाला कधीच मिळणार नाही. आणि तुटला, काळा पडला तरी तो वाडगा शेवटी कोळशाला येऊ शकतो. कोळशाचा वाडगा होत नाही. म्हणून आमच्याकडे आगीचा नंबर शेवटी.

आता सुकवणं. कोकणात या धंद्याचा खरा अडथळा पाऊस आहे. करवंटी सगळ्यात जास्त निघते ती चतुर्थीला. मोदक, करंज्या, पंचखाद्य, रोजची आरती, पाहुण्यांनी भरलेली घरं. तेव्हा भाद्रपद असतो आणि आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. ओली करवंटी ड्रमात घातली तर आधी पाणी उडवण्यातच आग खर्च होते, धूर वाढतो आणि कोळसा कमी निघतो. ढिगात दाबून ठेवली तर बुरशी येते. आम्ही मांगरात जमिनीपासून वर बांबूच्या कामट्यांचा मांडव घातला आहे. त्यावर करवंट्या उपड्या पसरतो, खालून वारा खेळतो. खोबरं चिकटलेल्या करवंट्या मांडवावर टाकण्याआधी खरवडून घ्याव्या लागतात. ड्रम पेटतो तो दसऱ्यानंतर, ऑक्टोबरचं ऊन चार दिवस अंगावर घेतलेल्या मालावर. आणि मेअखेर बंद.

ड्रम म्हणजे २०० लिटरचा पत्र्याचा पिंप. पूर्वी त्यात काय भरलेलं होतं हे विचारून घ्या, रसायनाचा असेल तर घेऊ नका. तेलाचा असला तरी आतला तेलाचा अंश आणि बाहेरचा रंग आधी रिकाम्या ड्रमात लाकडं जाळून घालवावा लागतो. वरचं झाकण पूर्ण कापून सुटं केलेलं. अंगाला भोकांच्या तीन ओळी: तळाशी, मध्ये आणि वर. प्रत्येक भोक इंचभर. सगळी करामत या भोकांची आहे. करवंटीला जळू द्यायचं नाही, तापू द्यायचं. हवा जास्त मिळाली तर राख, कमी मिळाली तर अर्धवट भाजलेले तपकिरी तुकडे.

आधी तळाची भोकं उघडी ठेवून बाकीची ओल्या मातीने लिंपतो. तळाशी थोड्या करवंट्या पेटवायच्या. त्यांनी नीट धरलं की वरून हळूहळू भर घालायची, ज्वाळेला वर डोकं काढू द्यायचं नाही. सुरुवातीचा धूर पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा. त्यात पाण्याची वाफ असते, डांबरासारखा चिकट अंश असतो आणि व्हिनेगरसारखा आंबट वास असतो. तळाच्या भोकांतून लालबुंद निखारा दिसायला लागला की ती भोकं मातीने बंद करायची आणि मधली उघडायची. आग एक मजला वर चढते. मग मधली बंद, वरची उघडी. प्रत्येक वेळी ड्रम खाली बसतो, म्हणजे आतला माल आकसतो, तेव्हा भर घालायची.

धूर पातळ होऊन निळसर झाला आणि पुढे जवळजवळ दिसेनासा झाला की माल तयार आहे. हे घड्याळावर ठरत नाही. वारा, करवंटीची जाडी, ओलावा, सगळ्यावर आहे. आमच्यात शेजारची काकी धुराकडे बघून सांगते आणि तिचा अंदाज चुकत नाही. मग झाकण ठेवून कडेने ओली माती, शेणाचा हात, सगळी भोकं बंद. एवढं झाल्यावर ड्रमला हात लावायचा नाही. रात्रभर तसाच. बाहेरून पत्रा गार लागला तरी आत निखारा जिवंत असू शकतो, आणि झाकण उघडताच हवा मिळून सगळा कोळसा पुन्हा पेटतो. पाणी मारून विझवायचा मोह होतो, पण पाणी मारलेला कोळसा ठिसूळ होतो, ओला असल्यामुळे भाव पडतो, आणि ते काळं पाणी कुठे जाणार हा प्रश्न उरतोच. तमिळनाडूत कांगेयमच्या बाजूला करवंटीच्या कोळशाचा मोठा धंदा आहे. तिथे मोठ्या खड्ड्यांत करवंटी जाळून पाण्याने विझवतात, आणि त्यामुळे विहिरी बिघडल्याच्या तक्रारी तिथल्या गावांनी केल्या आहेत. आपल्या गावात विहीर आणि माड यांच्यामध्ये चार पावलांचं अंतर असतं. हे दुखणं आपल्याकडे आणू नये.

ड्रम कायम उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वाळक्या गवतापासून लांब. बंद मांगरात हे काम करायचंच नाही. अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्या बायका आमच्यात ड्रमाच्या पाळीला येत नाहीत. त्यांना निवड आणि घासकाम, मजुरी तीच.

सकाळी झाकण काढल्यावर चांगला कोळसा हाताला कळतो. काळाभोर, करवंटीचा आकार तसाच, तोडला की कडेला चकाकी, एकमेकांवर पडला की भांड्यासारखा खणखण वाजतो आणि बोटांना फार काळं लागत नाही. तपकिरी राहिलेले तुकडे बाजूला काढून पुढच्या ड्रमच्या तळाशी घालायचे, पेटवायला तेच उत्तम. मग चाळण. वरचे मोठे तुकडे पोत्यात, खालचा चुरा वेगळा.

भावाचं बोलायचं तर इथे बरेच गट अडकतात. १०० किलो सुक्या करवंटीतून हाती २५ ते ३० किलो कोळसा येतो, म्हणजे एका किलो कोळशामागे सव्वातीन ते चार किलो करवंटी. कोळशाचा भाव करवंटीच्या चौपट असला तर तुम्ही नुसते बरोबरीत आहात. मजुरी, पोती आणि टेम्पो अजून त्यात आलेलेच नाहीत. टेम्पो तर अख्ख्या करवंट्यांनी वजन भरण्याआधीच भरतो, कारण आत सगळी पोकळी. आम्ही जागेवरच करवंट्या ठेचून पोती भरतो, तेव्हा कुठे खेप परवडते. ड्रम बाजाराजवळ नेण्यापेक्षा करवंटीजवळ ठेवावा, हे मी प्रत्येक नव्या गटाला सांगते.

विक्री तीन दिशांना जाते. गावातला इस्त्रीवाला जुना गिऱ्हाईक. करवंटीचा निखारा ठिणग्या उडवत नाही, धूर करत नाही, त्यामुळे कपड्याला डाग पडत नाही. तंदूर लावणारे हॉटेलवाले घेतात. तिसरा व्यापारी दक्षिणेकडे माल पाठवतो. तिथे कारखान्यात ९०० अंशांच्या वर वाफ देऊन याच कोळशाचा सक्रिय कार्बन करतात. करवंटी टणक, तिच्यातली छिद्रं अतिसूक्ष्म, त्यामुळे एका ग्रॅम सक्रिय कार्बनचं आतलं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास जातं. पाण्याच्या फिल्टरमध्ये तोच असतो, खाणीतलं सोनं द्रावणातून धरून ठेवायला तोच वापरतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांतही करवंटीचा कोळसा भरलेला असे. हे कळल्यावर काकी म्हणाली, "आमची करटी खयसर पोचली बघ." तिचा चेहरा तेव्हा फुलला होता. पण सक्रिय कार्बन गावात होण्यासारखा नाही आणि मोठा नफा त्याच टप्प्यावर आहे. म्हणून व्यापाऱ्याला आम्ही उरलेलाच माल देतो. इस्त्रीवाला, तंदूरवाला आणि वाडगे घेणारी गिऱ्हाइकं आधी.

कोळशाचा चुरा वाया जात नाही. तांदळाच्या कण्यांची घट्ट पेज करून तिच्यात तो मळायचा, मुठीएवढे लाडू दाबून बांधायचे आणि कडक उन्हात सुकवायचे. पेज जास्त झाली तर लाडू धुरकट जळतो, कमी झाली तर उचलताच फुटतो. संध्याकाळी धूप घालायला, शेगडीत रताळी भाजायला हे लाडू घरोघर जातात. अगदी बारीक भुकटी उरते ती शेणखतात मिसळून माडाच्या आळ्यात. आमच्या वाळूमिश्रित जमिनीत पाणी आणि खत टिकत नाही, तिथे कोळशाची भुकटी दोन्ही धरून ठेवायला मदत करते.

राखेबद्दल मात्र बऱ्याच सभांत चुकीचं ऐकलं आहे. करवंटीची राख माडाला घातली की पालाशचं, म्हणजे पोटॅशचं, काम झालं, असं सांगतात. केंद्रीय लागवडीची पिके संशोधन संस्थेच्या शिफारशीत मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश आहे, म्हणजे माडाची भूक पालाशचीच, हे बरोबर. पण करवंटीत राख एक टक्क्याच्याही आत. १०० किलो करवंटी पूर्ण जाळली तरी किलोभर राख निघायची नाही. माडाला परत द्यायचं असेल तर सोडणं द्या. बुंध्यापासून लांब चर खणून सोडणं थरांनी, पोकळ बाजू वर करून पुरली की ती पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि पालाशही हळूहळू सोडतात. आमच्या गटातल्या सगळ्यांच्या बागेत आता सोडणांचे चर आहेत. ज्या बागेत आधी केले, तिथे एप्रिलमध्ये आळ्यातली माती हाताला ओलसर लागते.

राहिला धूर. एवढं सगळं करूनही प्रत्येक ड्रमामागे करवंटीच्या वजनाचे सत्तर टक्के हवेत जातात, आणि त्या हवेत आमची माणसं राहतात. वाडीतल्या एका आजोबांना दमा आहे, त्यांच्या घराकडे वारा असेल त्या दिवशी आम्ही ड्रम पेटवत नाही. पण असं वारा बघून काम करणं हा कायमचा उपाय नाही. हा धूर स्वतः जळणारा आहे. ड्रम वरून बंद करून त्याची नळी खालच्या चुलीत वळवली तर सुरुवातीच्या लाकडांनंतर तोच धूर ड्रम तापवतो, आणि बाहेर पडतो तो फार थोडा. कुडाळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तसा एक ड्रम आम्ही करून घेतो आहोत. चुलीच्या वर हंडा ठेवायला लोखंडी कडं बसवायचं, हे सासूबाईंनी सुचवलं. गटाच्या जमाखर्चात पैसे बाजूला काढले आहेत. दसऱ्यानंतर पहिला माल त्यात घालू. वेंगुर्ले-शिरोडा भागातल्या कुठल्या गटाला बघायचं असेल तर त्यांनी यावं, येताना आपल्याकडच्या करवंटीचं एक पोतं घेऊन यावं.